ग्रॅनाइट कापताना एन-95 लावूनही नाकात धूळ का जाते? मास्क धुतला तर चालेल का?

धूळ बहुतेक वेळा कापडातून नाही, कडेच्या फटीतून आत येते. गालावर दोन दिवसांची खुंटं असली तरी मास्क नीट बसत नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी दाढी केलेलीच बरी. कानात अडकवायचे पट्टे सैल पडतात. डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असलेला मास्क घ्या. वरचा पट्टा डोक्याच्या मागे वरच्या बाजूला, खालचा कानांखालून मानेवर. नाकावरची पट्टी एका हाताने चिमटू नका, मध्ये टोक येतं आणि तिथेच फट राहते. दोन्ही हातांची बोटं मधून बाहेर फिरवत दाबा. मग मास्कवर दोन्ही हात ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा.

धुऊ मात्र अजिबात नका. आतल्या थराला स्थिर विद्युतभार दिलेला असतो, बारीक कण तोच ओढून धरतो. साबणाने, सॅनिटायझरने तो भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण गाळत नाही. काम झाल्यावर कागदी पिशवीत ठेवा. ओला झाला, पट्टा ढिला पडला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं, की फेकून द्या.

आणि कृपा करून दगड कोरडा कापू नका, पात्यावर पाणी सोडा. या धुळीतल्या सिलिकाने होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार बरा होत नाही. रोजचंच काम असेल तर फिल्टर बदलता येणारा रबरी अर्धा मास्क (नाक-तोंड झाकणारा) घ्या.