ठासणीच्या रायफलची गोळी : आत जाताना लहान, बाहेर पडताना मोठी

तुमचा प्रश्न असा : घरातली ठासणीची बंदूक परवान्यासह तुमच्या नावावर आली, नळीला आतून पीळ आहे, मग गोळी नळीच्या मापाची घ्यायची की लहान? आणि लहान, तर किती?

मी लालबागचा. बंदुकीचा व्यवहार माझा नाही, पण ३४ वर्षं टूलरूममध्ये भोकं आणि त्यात बसणाऱ्या वस्तू मोजण्यात गेली. एका परवानाधारक स्नेह्यांनी त्यांच्या जुन्या एन्फिल्डची (ब्रिटिश लष्करी ठासणीच्या रायफलची) नळी मोजायला मला बोलावलं होतं. तेव्हा जे कळलं ते सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. जुनी ठासणीची बंदूक वर्षानुवर्षं भरलेलीच कोपऱ्यात उभी असू शकते. गज तळापर्यंत सोडा, तोंडाशी खूण करा आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून बघा. टोक कानाच्या, म्हणजे ठिणगी आत जाते त्या भोकाच्या, जागेपर्यंत पोचत नसेल तर आत बार आहे असंच धरा आणि परवानाधारक कारागिराकडे द्या. स्वतः काही करू नका.

आता मापाकडे. गोळी तोंडाकडून गजाने आत सारायची, म्हणजे ती नळीपेक्षा लहान हवी. पण बार उडाल्यावर तीच गोळी पिळाच्या खाचांत घट्ट बसली पाहिजे, नाहीतर वायू बाजूने निसटतो आणि गोळीला फिरकी मिळत नाही. आत जाताना लहान, बाहेर पडताना मोठी. या एका अडचणीपायी लोकांनी पन्नास वर्षं डोकं घातलं. ब्रिटिशांच्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला गोळी ठोकायला लाकडी हातोडीच देत. आपल्या मुंबई इलाख्याच्या लष्करातल्या जॉन जेकबने चार खाचांची नळी घेतली आणि गोळीलाच चार कंगोरे दिले. डोकं चांगलंच, पण प्रत्येक वेळी कंगोरा खाचेत जुळवून बसवणं आलं. तोड निघाली ती १८४९ च्या सुमारास फ्रान्सच्या मिनिएकडून : लांबट गोळी, बुडाशी पोकळ. स्फोटाच्या दाबाने बूड फुलतं आणि खाचांत जाऊन बसतं. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते, कारण इथे गोळीचं माप ऐन वेळी नळीच ठरवते.

१८५३ च्या एन्फिल्डची नळी ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर. सुरुवातीची गोळी ०.५६८ इंचाची. म्हणजे फट ९ थाऊ. आमच्याकडे इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात. ही फट काडतुसाचा कागद भरून काढी आणि तो सहज सरकावा म्हणून त्याला चरबी लावलेली असे. १८५७ चा भडका ज्या चरबीवरून उडाला ती काडतुसाला होती ती या फटीसाठी. काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळून घन राख होतो. दहा-पंधरा बार झाले की ती नळीत थापली जाते आणि ९ थाऊ पुरत नाहीत. म्हणून पुढे गोळी ०.५५० वर आणली आणि बुडात लाकडी गुडदी बसवली.

आज नेमबाजीसाठी जे लोक कागदाशिवाय, फक्त ग्रीस लावून मिनिए गोळी वापरतात ते इतकी मोकळीक ठेवत नाहीत. नळीच्या मापापेक्षा १ ते २ थाऊ कमी, हा त्यांचा अंदाज. गोळी जराशी मोठी ओततात आणि नेमक्या भोकाच्या कडक डायमधून दाबून मापात आणतात. शिसं मात्र शुद्धच हवं. गाडीच्या चाकाचा तोल साधायला लावतात त्या वजनांचं शिसं कडक असतं, त्याचं बूड फुलत नाही.

पण नळीचं माप म्हणजे कुठलं, इथे माझी स्वतःची चूक झाली. कारागिराने मागचा पेच काढून दिला होता. मऊ शिशाचा तुकडा तोंडातून ठोकून आत घातला आणि हळूहळू पलीकडे काढला. त्यावर व्हर्नियर लावला तर ५ थाऊ जास्त आले. कारण एन्फिल्डला खाचा तीन! दोन खाचांमधल्या उंचवट्याच्या समोर उंचवटा येत नाही, खाच येते, त्यामुळे मिळतं ते धड हेही नाही, धड तेही नाही. तीन धारांचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मोजताना आम्ही व्ही-अॅन्व्हिलचा, म्हणजे व्ही आकाराच्या बैठकीचा, मायक्रोमीटर घेतो, हे मला तिथे लगेच सुचायला हवं होतं. त्या आकड्यावर कुणी डाय केली असती तर गोळी तोंडाशीच अडकली असती. दुसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारातून प्लग गेज (ठरावीक मापाचे गोल दांडे) आणले आणि एकेक लावून पाहिले. जो जातो तो आणि त्याच्या पुढचा जो जात नाही तो, या दोघांच्या मध्ये उंचवट्यांचं खरं माप. तोंडाशी गज घासून घासून नळी थोडी मोठी झालेली असते, म्हणून शिशाचा तुकडाही हवाच. तो आत कुठे घट्ट जातो, कुठे सैल पडतो, ते हाताला कळतं.

सैल गोळीचा धोका वेगळा सांगतो. नळी खाली झुकली की ती दारूवरून पुढे सरकू शकते. मध्ये मोकळी जागा राहिली आणि बार काढला तर नळी फुगते, फाटतेही. भरलेल्या अवस्थेत गज कुठवर येतो याची खूण गजावर कायमची करून घ्या आणि प्रत्येक बाराआधी बघा. कापडात गुंडाळायची गोल गोळी असेल तर हिशोब निराळा : ती साधारण ५ ते १० थाऊ लहान घेतात, खाचांत कापड बसतं.

गोळ्या ओतणं तुमच्या परवान्यात बसतं की नाही हे आधी शस्त्र परवाना शाखेत विचारा, मग डायचा विचार करा.

आणि मुंबईची हवा लक्षात ठेवा. काळ्या दारूची राख ओल ओढते, पावसाळ्यात तर एका रात्रीत गंज धरतो. त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी धुवा, कोरडी करा, तेल द्या. मोजलेलं माप तारखेसह वहीत लिहा आणि गंज दिसला तर जुन्या आकड्यावर विसंबू नका, पुन्हा गेज लावा.