दोन महिन्यांचं बाळ सारखं दूध मागतं, रात्री झोपत नाही. दूध पुरत नसेल का?

तुमचं बाळ नऊ आठवड्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. दिवसा दीड-दोन तासांनी आणि संध्याकाळी सहा ते नऊ जवळजवळ सलग. रात्री दोन-अडीच तासांच्या वर झोप जात नाही. मैत्रिणीचं एवढंच बाळ आठ तास झोपतं, म्हणून घरातले म्हणतायत की दूध पुरत नाही, वरचं सुरू कर. असा प्रश्न आहे ना?

मी डॉक्टर नाही. दोन मुलांची आई आहे, आणि पहिल्याच्या वेळी हाच प्रश्न रात्री तीन वाजता एका हाताने मोबाइलवर टाइप करत बसायचे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दुधाचं. बाटलीवरच्या रेघा दिसतात, अंगावरचं किती पोटात गेलं ते दिसत नाही. सगळी भीती तिथून सुरू होते. मी एक वही केली होती. डावीकडे किती मिनिटं, उजवीकडे किती, मध्ये किती वेळ गेला, सगळं त्यात. दुसऱ्या महिन्याच्या तपासणीला ती अभिमानाने घेऊन गेले. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी चार पानं उलटली, वही मिटली आणि विचारलं, "शू किती वेळा करतो?" नेमकं तेवढंच मी लिहिलं नव्हतं.

आत किती गेलं ते मोजता येत नसलं, तरी बाहेर काय येतंय ते मोजता येतं. पहिला आठवडा सरल्यावर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा लंगोट चांगला ओला होत असेल, शू फिकट रंगाची असेल, तर दूध जातंय. शीवरून मात्र अंदाज बांधू नका. अंगावर पिणारी काही बाळं दिवसातून पाच-सहा वेळा शी करतात, तर दीड महिन्यानंतर काही चार-चार दिवस करत नाहीत. मऊ असेल आणि बाळ खुशीत असेल तर दोन्ही ठीक.

दुसरा आणि खरा पुरावा म्हणजे वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत बहुतेक भरून येतं. तिथून पुढे पहिल्या तीन महिन्यांत साधारणपणे रोज 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला 150 ते 200 ग्रॅम वाढ अपेक्षित असते. पण रोज काट्यावर ठेवू नका. एकदा पोटभर पिणं आणि एकदा शू करणं यातच काटा हलतो. आठवड्याने-दोन आठवड्यांनी, त्याच काट्यावर, कपडे काढून बघा. तक्त्यावर तुमचं बाळ खालच्या रेषेवर आहे की वरच्या, यापेक्षा ते आपली रेषा धरून चाललंय का ते महत्त्वाचं. आणि तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा 2006 सालचा आहे ना, हे एकदा विचारून घ्या. तो सहा देशांतल्या अंगावर पिणाऱ्या बाळांच्या मोजमापांवरून केलेला आहे. काही जुने तक्ते ज्या बाळांवरून बनवले, त्यांतली बरीच बाटलीवर वाढलेली होती. त्यांच्या शेजारी ठेवलं की अंगावरचं धडधाकट बाळसुद्धा तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर मागे पडल्यासारखं दिसतं.

दीड-दोन महिन्यांच्या सुमाराला आणखी एक गोष्ट होते, जिने मला पार घाबरवलं होतं. छाती भरल्यासारखी वाटेनाशी होते, गळणं थांबतं. वाटतं, आटलं! आटलेलं नसतं, मागणी-पुरवठ्याचा मेळ बसलेला असतो. पंप लावून "एवढंच निघालं" असा निष्कर्षही काढू नका. बाळ जेवढं ओढतं तेवढं पंपाला ओढता येत नाही.

आता संध्याकाळ. लागोपाठ पिणं, सोडलं की रडणं, पुन्हा पिणं, हे या वयात इतकं सर्रास आहे की न करणारी बाळंच मला नवलाची वाटतात. रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, ते बहुतेकदा संध्याकाळीच, आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. म्हणजे तुम्ही शिखर ओलांडलंय किंवा आत्ता त्यावर आहात. या तीन तासांसाठी पाण्याची बाटली जवळ घ्या, खायला काहीतरी घ्या आणि बसा. घरातल्यांना मदतच करायची असेल तर मधल्या वेळात बाळाला खांद्यावर घेऊन फिरवू देत.

वरच्या दुधाचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण दूध रिकामं होतं तसं तयार होतं. बाळाचं पोट बाटलीने भरलं आणि छाती भरलेलीच राहिली, तर शरीर उत्पादन कमी करतं, आणि मग दूध खरंच पुरेनासं होतं. वजन वाढत असताना नुसत्या भीतीपोटी बाटली सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन वाढत नसेल आणि डॉक्टरांनी सांगितलं, तर मात्र एक मिनिटही अपराधी वाटून घेऊ नका. माझ्या दुसरीला तीन आठवडे वरचं दिलंय मी. फक्त डब्यावर लिहिलेलं माप तंतोतंत पाळायचं, पातळ करून पुरवायचं नाही. पाणी मात्र सहा महिन्यांपर्यंत अजिबात नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. आणि झोप लागावी म्हणून बाटलीत पिठूळ काही घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो तिथेच सोडा. त्याने झोप वाढत नाही, घशात अडकण्याचा धोका वाढतो.

झोपेबद्दल माझं थोडं कबुलीजबाबासारखं आहे. पहिला मुलगा तासाभराने कण्हायचा, तोंड वेडंवाकडं करायचा, पाय झाडायचा, मध्येच एक बारीक ओरडा. मी दुसऱ्या ओरड्याच्या आत त्याला उचललेलं असायचं. एका रात्री नवऱ्याने माझं मनगट धरलं, "थांब, बघू काय करतो." मुलाने एक मूठ डोक्यावर नेली, ओठांनी चुटचुट केलं, पापण्यांखाली डोळे फिरले, एक लांब सुस्कारा टाकला आणि झोपला. मिनिटभरसुद्धा लागलं नसेल. इतके आठवडे मीच त्याला उठवत होते!

या वयात झोपेचं एक चक्र तासाभराच्या आतबाहेर असतं आणि त्यातली जवळजवळ अर्धी झोप अशी हलती, आवाज करणारी असते. तेव्हा आवाज आला की आधी मिनिटभर बघा. डोळे मिटलेले असतील तर हात लावू नका. डोकं इकडेतिकडे वळवून तोंड शोधत असेल, मूठ चोखत असेल, तर भूक आहे, लगेच घ्या. जोरात रडणं ही भुकेची शेवटची खूण, तिची वाट बघायची नसते. दिवस-रात्रीचं घड्याळ शरीरात साधारण दोन-तीन महिन्यांपासून बसायला लागतं. त्याला मदत म्हणून दिवसा उजेड आणि घरचे नेहमीचे आवाज, रात्री मंद दिवा आणि गप्पा नाहीत, इतकंच पुरतं.

मैत्रिणीच्या बाळाचं म्हणाल, तर असतं एखादं तसं. पण "रात्रभर झोपतं" याचा अर्थही विचारून घ्या. झोपेवरच्या अभ्यासांत याचा अर्थ बऱ्याचदा मध्यरात्र ते पहाटे पाच एवढाच धरलेला असतो.

एक गोष्ट मात्र सैल सोडू नका. दर वेळी पाठीवर झोपवायचं, कडक सपाट गादीवर, उशी, दुलई, मऊ खेळणी काही नको. अमेरिकेत 1994 पासून पाठीवर झोपवण्याचा प्रचार झाला, तेव्हापासून तिथलं झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आणि सोफ्यावर पाजता पाजता डुलकी लागू देऊ नका. माझी एकदा लागली होती. जाग आली तेव्हा तो माझी बाजू आणि सोफ्याची पाठ यांच्या फटीत घसरला होता. काही झालं नाही, पण त्या रात्रीनंतर मी सोफ्यावर पाजलं नाही.

वाढीचं तुम्ही ओझरतं विचारलंय, मीही ओझरतंच सांगते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास तुमच्याकडे बघून हसणं, हुंकार देणं, तोंडासमोरून हललेल्या गोष्टीमागे नजर नेणं. जागेपणी दिवसातून काही वेळा दोन-दोन मिनिटं पालथं ठेवा, डोकं क्षणभर उचलेल. मान नीट धरायला तीन-चार महिने लागतात. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर हे सगळं डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजायचं, जन्मतारखेपासून नाही.

ताप 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त, पिणं सोडून देणं, उठवूनही मरगळलेलं राहणं, लंगोट कोरडे राहणं, हिरवी उलटी, श्वास मिनिटाला साठच्या वर किंवा छाती आत ओढली जाणं. यातलं काहीही दिसलं तर इथे उत्तरं वाचत बसू नका, घरातलं औषधही देऊ नका, सरळ दवाखाना गाठा. आणि तुमचं स्वतःचं मन दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचंच.

तुम्ही बाळाचं जन्माचं आणि आत्ताचं वजन लिहिलेलं नाही. आज चोवीस तास ओले लंगोट मोजा, या आठवड्यात एकदा वजन करून घ्या. घरातल्यांशी काय बोलायचं ते त्या दोन आकड्यांवरूनच ठरेल.