तुमचा अवर रेट किती?

"पगार बरा आहे, व्यसन नाही, तरी वीस तारखेला हात रिकामा. आणि काटकसर करावी तर लोक चिंगूस म्हणतात." शब्द थोडे इकडेतिकडे होतात, पण बेळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ही तक्रार मी सतत ऐकते. म्हणून हा एक अनुभव, ओळख पटेल असे तपशील बदलून.

खानापूरचे एक गृहस्थ, चाळिशीच्या आतले, उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन सांभाळणारे. बायकोच घेऊन आली होती. झोप नाही, चिडचिड, मुलीवर ओरडणं.

"मॅडम, काय करुलोय तेच कळंना. पगार पाच हजारांनी वाढला की सगळं नीट होतंय बघा."

दोन भेटी यातच गेल्या. तिसऱ्या भेटीत चारचाकी गाडीचा विषय निघाला. सहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं, महिन्याला 9,650 रुपये हप्ता. बायकोचं माहेर बैलहोंगलचं. ती म्हणाली, "आमची आई सांगायची, हासिगे इद्दष्टु कालु चाचु." म्हणजे आपलं अंथरूण पाहून पाय पसरणं. त्यांनी मान खाली घातली. म्हण दोन्ही भाषांत आहे, पण अंथरूण मोजायचं कसं हे कुणी दाखवत नाही. ऐकणाऱ्याला नुसतं अपराधी वाटतं.

मी विषय बदलला. मशीनचा अवर रेट, म्हणजे तासाचा दर, कसा काढतात, विचारलं. त्यांचा चेहरा खुलला. मशीनची किंमत, घसारा, वीज, टूल, ऑपरेटरचा पगार, सगळं धरायचं. मशीन बंद उभं असलं तरी खर्च चालूच असतो, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

"आणि तुमचा अवर रेट?"

"माझा कोण काढतंय, मॅडम?"

आम्ही काढला. हातात येतात 29,000. कामावर जाण्यासाठीच लागणारं पेट्रोल आणि बाहेरचं खाणं 3,000. उरले 26,000. आठ तासांची पाळी, अर्धा तास जेवणाची सुट्टी, खानापूरहून येण्याजाण्याचा दीड तास. दिवसाचे दहा तास, 26 दिवसांचे 260. तासाला शंभर रुपये.

मग गाडी. हप्ता, विमा, पेट्रोल, सर्व्हिसिंग मिळून महिन्याला साडेबारा हजार. त्यांनी भागाकार केला आणि पेन खाली ठेवलं.

"सव्वाशे तास. महिन्यातले साडेबारा दिवस मी गाडीसाठी कामावर जातोय. आणि ती दोन रविवार बाहेर निघते."

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं, हे मला फार वर्षांनी जमलं. बायकोचे डोळे भरले होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "पण विकली तर बहिणीच्या सासरी कुठल्या तोंडानं जाऊ?"

खरी गाठ ही होती. इच्छेचा हट्ट झाला की माणूस त्रासात पडतो, या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या विचारावर माझा विश्वास आहे, तो अशा क्षणांमुळेच. लोकांनी मान द्यावा ही इच्छा झाली. मान मिळायलाच हवा, नाहीतर मी कुणीच नाही, हा हट्ट. सव्वाशे तासांतले बरेचसे त्या 'च'ला जात होते. पुढच्या दोन भेटी आम्ही त्या एका अक्षरावर घालवल्या. पगार पाच हजारांनी वाढला असता तर 'च' आणखी काहीतरी घेऊन आला असता, असं मला आजही वाटतं.

तुम्हीही आपला दर काढून बघा. कामापायी होणारा खर्च पगारातून वजा करा, कामापायी जाणारा वेळ तासांत मिळवा. येणारा आकडा बहुधा वाटतो त्यापेक्षा लहान असतो. मग घरातली एकेक वस्तू तासांत मोजा. तिची देखभाल, वीज, जागाही धरा. आणि हा हिशोब नवऱ्याने किंवा बायकोने एकट्याने मांडू नये, नाहीतर तो दुसऱ्यावरचा आरोप होतो. दोघांनी एका कागदावर लिहावा.

त्यांनी गाडी विकली, थोडा तोटा सोसून. कर्ज मिटवून आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवेपर्यंत बरीच धावपळ झाली. बहिणीच्या सासरी एक दिवस चर्चा झाली म्हणे.

शेवटच्या भेटीला दोघं लाल बसने आले. कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत करणाऱ्या शक्ती योजनेमुळे तिचं तिकीट शून्य रुपयांचं. त्यांनी आपल्या तिकिटाची मागची बाजू मला दाखवली. पेनने लिहिलं होतं : 'सायकल 5,500. पंचावन्न तास.'

"पोरीला हवी आहे," ते म्हणाले. "हे तास मी आनंदानं देतोय, मॅडम. जाताना गणपत गल्लीतनं बघून जाणार."