घसा दुखत असताना झटपट चाचणी केली तर अँटिबायोटिक खरंच टाळता येतं का?

हो, बऱ्याचदा टळतं, पण चाचणीचा निकाल डॉक्टर आणि पेशंट दोघांनीही मानला तर. घसादुखी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि तिथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य; उलट अंगातले इतर जिवाणू त्या औषधाला सरावतात. नुसतं घशात बघून विषाणू की स्ट्रेप्टोकॉकस (थोडक्यात 'स्ट्रेप') हा जिवाणू, हे खात्रीनं सांगता येत नाही. कल्चरला, म्हणजे घशातला नमुना प्रयोगशाळेत ठेवून जिवाणू वाढतात का ते बघायला, एक-दोन दिवस लागतात, तोवर गोळ्या सुरू झालेल्या असतात. झटपट चाचणीत टॉन्सिलवरून कापूस गुंडाळलेली काडी फिरवतात, द्रावणात बुडवतात आणि पट्टीवर दुसरी रेघ उमटते का ते बघतात; उमटली तर स्ट्रेप आहे. ५ ते १० मिनिटांचं काम. खोकला-कफासाठी बोटातल्या थेंबभर रक्तावर सीआरपी (अंगात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) चाचणी होते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१४ मध्ये न्यूमोनियाच्या संशयासाठी सांगितलं होतं: सीआरपी लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सरसकट अँटिबायोटिक नको, १०० च्या वर द्या. मधल्या पट्ट्यात प्रिस्क्रिप्शन लिहून ठेवायचं, त्रास वाढला तरच वापरायचं (मला ही कल्पना फार व्यवहारी वाटते).

मात्र स्ट्रेपची चाचणी काही खरे रुग्ण चुकवते, म्हणून लहान मुलांत ती निगेटिव्ह आली तरी अनेक ठिकाणी कल्चर करून घेतात.