धागा उडाला तर

अगं, मराठी संस्थळावर पहिला धागा, म्हणजे चर्चेसाठीचा लेख, काढण्याआधी महिनाभर नुसती वाच. मायबोली हे संस्थळ १९९६चं, मिसळपाव २००७चं. दोन्हीकडची बोली वेगळी. मायबोलीवर विपू म्हणजे विचारपूस, मिसळपाववर व्यनि म्हणजे व्यक्तिगत निरोप. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, टोमणा नव्हे.

धागा उडाला, म्हणजे संपादकांनी काढून टाकला, तर लगेच ‘संपादकांची हुकूमशाही’ म्हणून दुसरा काढू नकोस. एका संस्थळावर माझा उडाला, प्रतिसादांसकट. त्यात एका ताईंनी आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहिलं होतं, तेही गेलं. मला ते अजून लागतं. तेव्हापासून लेखच नाही, चांगले प्रतिसादही उतरवून ठेवते.

संपादकांना कारण निरोपातून विचार. बहुतेकजण घर-नोकरी सांभाळून हे करतात. आणि कितीही राग आला तरी डुआयडी, म्हणजे दुसऱ्या नावाचं खातं, नको. भाषेवरून लोक दोन दिवसांत ओळखतात.