केबलपुरतं असलेलं चॅनल 8.2 वर कसं आलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या छोट्या गावात नव्याने राहायला आलात, अँटेना लावून स्कॅन केलं, तर 8.1 वर सीबीएस आणि 8.2 वर सीडब्ल्यू ही देशभर कार्यक्रम पुरवणारी नेटवर्कं लागली. शेजारचे आजोबा म्हणतात, हे दुसरं चॅनल पूर्वी केबल घेतल्याशिवाय दिसतच नव्हतं. मग ते हवेत कसं आलं, आणि आता केबल बंद केली तर काही बुडेल का?

आजोबांचं बरोबर आहे. मी अशाच एका गावात केबल कंपनीच्या हेडएंडवर (जिथे सगळी चॅनलं गोळा होऊन केबलमध्ये सोडली जातात) बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे हा बदल डोळ्यांसमोर झालाय.

मुळात छोट्या गावात परवाना असलेली स्टेशनं असायची तीन, फार तर चार. एबीसी, सीबीएस आणि एनबीसीने ती आधीच धरलेली, एखादं उरलं तर फॉक्सला. जानेवारी 1995 मध्ये डब्ल्यूबी आणि यूपीएन ही दोन नवी नेटवर्कं सुरू झाली, तेव्हा अशा ठिकाणी त्यांना जोडून घ्यायला स्टेशनच शिल्लक नव्हतं. नवा टॉवर उभारायचा तर परवाना, ट्रान्समीटर, माणसं, वीजबिल, आणि एवढा खर्च भरून निघेल इतक्या जाहिराती गावात नाहीत. सुरुवातीला डब्ल्यूबीने शिकागोच्या डब्ल्यूजीएन स्टेशनच्या देशभर दिसणाऱ्या उपग्रह फीडवर वेळ निभावली. मग सप्टेंबर 1998 मध्ये 'डब्ल्यूबी 100+' आलं. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या टीव्ही बाजारपेठांच्या क्रमवारीत शंभराच्या पलीकडे असलेल्या गावांसाठी टॉवर नसलेलं स्टेशन!

ती कल्पना मला आजही अव्वल वाटते. हेडएंडच्या रॅकमध्ये एक संगणक बसवलेला असायचा. दिवसभराचे कार्यक्रम मध्यवर्ती केंद्राकडून उपग्रहावरून यायचे. गावातल्या जाहिराती त्या संगणकाच्या डिस्कवर भरून ठेवलेल्या, आणि ठरलेला ब्रेक आला की तो आपोआप त्या लावायचा. टायरच्या दुकानाची जाहिरात संपली की क्षणात परत मालिका. बघणाऱ्याला जोड कळायचा नाही. नावंही खऱ्या स्टेशनसारखी, 'डब्ल्यू' किंवा 'के'ने सुरू होणारी चार अक्षरं. फक्त ती एफसीसीने, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी आयोगाने, दिलेली नव्हती, चॅनलने स्वतःच लावलेली. परवाना नाही म्हणून हवेत जायचा हक्क नाही, आणि केबल कंपनीने ते दाखवलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. सगळं करारावर चालायचं. ज्याच्या घरापर्यंत केबल पोचलेली नाही त्याच्यासाठी ते चॅनल नव्हतंच. आमच्या गावाबाहेर शेतांवर राहणारी कितीतरी कुटुंबं अशी होती. फोन करून विचारायची, 'आम्हाला कधी दिसणार?' आणि त्यांना सांगण्यासारखं काही नसायचं. मला ते फार लागायचं.

जानेवारी 2006 मध्ये यूपीएनची मालक सीबीएस आणि डब्ल्यूबीची मालक वॉर्नर यांनी जाहीर केलं की यूपीएन आणि डब्ल्यूबी दोन्ही बंद करून एकच सीडब्ल्यू काढणार. 18 सप्टेंबर 2006 ला ते सुरू झालं आणि 'डब्ल्यूबी 100+' ची जागा 'सीडब्ल्यू प्लस'ने घेतली. तोवर गावातल्या जुन्या स्टेशनांचे डिजिटल ट्रान्समीटर सुरू झालेले होते. खरी किल्ली इथे आहे. एका स्टेशनला 6 मेगाहर्ट्‌झची पट्टी मिळते आणि तिच्यातून सेकंदाला 19.39 मेगाबिट जातात. मुख्य एचडी चॅनलला त्यातले 12-14 दिले तरी कमी बारकाव्याचं साधं एसडी चॅनल उरलेल्यात आरामात बसतं. यालाच सबचॅनल म्हणतात, तुमचं 8.2 तसंच. म्हणजे स्टेशनमालकाला नवा परवाना नको, नवा टॉवर नको. चित्र दाबून डिजिटल प्रवाहात बसवणारा एक एन्कोडर घेतला की दुसरं नेटवर्क आणि जाहिरातींची दुसरी वेळ हातात. काही गावांत हे 2006 मध्येच झालं, काही ठिकाणी आणखी काही वर्षं गेली. 12 जून 2009 ला मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनलॉग प्रक्षेपण बंद झालं. त्यानंतर अँटेनावर टीव्ही बघणाऱ्या प्रत्येक घरात डिजिटल ट्यूनर किंवा कन्व्हर्टर बॉक्स असणं भागच होतं, त्यामुळे सबचॅनलला प्रेक्षक मिळाले. केबलवर बघणाऱ्यांपैकी पुष्कळांना काही बदललंय हेही कळलं नाही, कारण त्यांच्या बॉक्सवर आकडा तोच राहिला.

याची किंमत चित्राने मोजली. एकाच ट्रान्समीटरवर सहा-सात चॅनलं कोंबणारे मालक आहेत. तिथे फुटबॉलची मॅच बघा: पाऊस पडायला लागला किंवा कॅमेरा गर्दीवरून फिरला की मैदानाचे चौकोन चौकोन होतात. हा प्रेक्षकांवर अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही शेतावरच्या घरात फुकट दिसणारं जरा पुसट चॅनल मला केबलमागे अडकलेल्या चॅनलपेक्षा हजारपट बरं वाटतं.

आता केबल तोडण्याबद्दल. 1992 च्या कायद्याने केबल कंपनीला स्थानिक स्टेशन दाखवायला लावता येतं, पण ते मुख्य चॅनलपुरतंच. सबचॅनलांना ही सक्ती लागू नाही, असा निर्णय एफसीसीने फेब्रुवारी 2005 मध्ये दिला. त्यामुळे तुमचं 8.2 केबलवर दिसतं ते वाटाघाटींतून, आणि करार फिसकटला तर ते तिथून जाऊ शकतं. अँटेनावर मात्र या भांडणाची झळ लागत नाही. म्हणजे सीडब्ल्यूसाठी केबल ठेवायची गरज नाही. बुडेल ते वेगळंच: काउन्सिलच्या सभा दाखवणारं गावचं सार्वजनिक चॅनल बहुतेक ठिकाणी अजून केबलवरच असतं. त्या सभा कुणी घरी बघत असेल तर आधी गावाच्या वेबसाइटवर त्यांचं थेट प्रक्षेपण आहे का ते पाहून घ्या.

सांगलीतल्या तुमच्या ओळखीच्या केबल चॅनलचं असं होईल का, असंही विचारलंय. नाही होणार. भारतात जमिनीवरच्या ट्रान्समीटरवरून टीव्ही दाखवतं ते दूरदर्शनच. खाजगी स्टेशनांना ती वाट खुली नाही. केबलचं डिजिटायझेशन 2012 मध्ये मुंबईसारख्या महानगरांपासून सुरू झालं आणि पुढे इतरत्र पोचलं, पण त्यात स्थानिक चॅनल गेलं ते केबलच्याच सेट-टॉप बॉक्समध्ये. ज्याच्या सबचॅनलवर बसावं असं शेजारचं स्टेशनच तिकडे नाही.

शेवटी कामाचं. 8.2 हा पडद्यावरचा आकडा आहे, खरी फ्रिक्वेन्सी वेगळी असू शकते. 2017 मध्ये संपलेल्या स्पेक्ट्रम लिलावानंतर 38 ते 51 क्रमांकांवरची स्टेशनं हलवली गेली, ते काम 2020 पर्यंत चाललं. एखादं चॅनल अचानक गायब झालं तर आधी रीस्कॅन करा. आणि खरी फ्रिक्वेन्सी 7 ते 13 क्रमांकांच्या व्हीएचएफ पट्ट्यात असेल तर खिडकीला चिकटवायचा तो चपटा अँटेना घेऊ नका, तो 14 पासून वरच्या यूएचएफ पट्ट्याला ठीक आहे. लांब दांड्यांचा व्हीएचएफ अँटेना माळ्यावर बसवा आणि तोंड टॉवरकडे करा. दोन्ही चॅनलं एकाच ट्रान्समीटरवरून येतात, त्यामुळे 8.1 स्वच्छ लागलं की 8.2 ही लागेल.