लिंबाच्या खोडातून डिंक गळतोय, कोणतं बुरशीनाशक फवारू?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात बंगल्याच्या अंगणातल्या लिंबाच्या बुंध्याशी डिंक गळतोय, पानं पिवळी पडताहेत, शेजारच्या आंब्याची पानं काळी झालीत, तर पावसाळ्याआधी दोघांना चालेल असं एकच औषध कोणतं?

असं औषध नाही. डिंक दिसला की आपल्याकडचे माळी सरसकट कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची पुडी काढतात. ते आंब्याच्या करप्यावर चालतं, डिंक्यावर, म्हणजे या डिंक गळण्याच्या रोगावर नाही. डिंक्या फायटोप्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवामुळे होतो, आणि फायटोप्थोरा शास्त्रीय वर्गीकरणात खरी बुरशी नाहीच. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. साल ओली राहिली की तिथून आत शिरतात.

म्हणून माझा खरा राग त्या पारावर आहे. झाडाभोवती विटांचा गोल पार बांधायचा, त्यात लाल माती आणि ओल्या कचऱ्याचं खत वीतभर चढवायचं, रोज सकाळी पाइप थेट बुंध्यावर सोडायचा आणि वर गेरू फासून ‘झाडाची काळजी घेतो’ म्हणायचं. आमच्या सोसायटीत यावरून माझं अनेकांशी वाजलंय. पार दिसायला छान असतो, कबूल. पण खोडाची साल ही काही मूळ नव्हे, तिला मातीत गाडून घ्यायची सवय नसते. कलमी झाड असेल तर सांधा मातीच्या वर वीतभर तरी मोकळा हवा.

तेव्हा आधी माती उकरा, पहिली जाड मुळं दिसेपर्यंत. धारदार सुरीने डिंकाखालची तपकिरी, कुजकी साल खरवडून काढा आणि कडेची थोडी निरोगी सालही घ्या. निघालेला चोथा झाडाखाली टाकू नका. जखम १ टक्का पोटॅशियम परमँगनेटने (१ लिटरला १० ग्रॅम) धुवा, सुकू द्या, मग बोर्डो पेस्ट लावा.

पेस्ट घरीच होते. १०० ग्रॅम मोरचूद कुटून, फडक्यात बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर लटकत ठेवा. दुसऱ्या भांड्यात १०० ग्रॅम कळीचा चुना आधी थोड्या पाण्यात विरवा. तो उकळतो, तोंड लांब ठेवा. मग पाणी घालून अर्धा लिटर करा. थंड झाल्यावर दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि ढवळत राहा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची हवीत, लोखंडी बादलीत मोरचूद लोखंड खातं. रंग आभाळी निळा यायला हवा. घासलेला खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर साल भाजेल. हवेत पडून राहिलेला जुना चुना इथेच दगा देतो. पेस्ट त्याच दिवशी संपवा. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत लावा. मे अखेरीस एकदा, पाऊस सरल्यावर पुन्हा.

पाण्यासाठी दुहेरी आळं करा: बुंध्याभोवती फूटभराची कोरडी, उंच जागा, तिच्याबाहेर पाण्याचं आळं. डिंक फार असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण १० लिटरला २५ ग्रॅम, मुळांशी ओतायचं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) घालणार असाल तर याच्यासोबत नको, मरतो. महिनाभराने शेणखतातून द्या.

आंब्याची काळी पुटं म्हणजे काजळी. ती पानात शिरत नाही, तुडतुडे किंवा पिठ्या ढेकूण जो चिकट पाक सोडतात त्यावर वाढते. किडे आवरा. पाव किलो मैदा थोड्या पाण्यात शिजवून ५ लिटर करून, गाळून उन्हाच्या दिवशी फवारला तर वाळून पापुद्र्यासकट काळं निघतं. मोहोरावर पांढरी भुकटी येते ती मात्र भुरी. तिला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. पारा ३५ अंशांवर असेल तेव्हा नाही, आणि निंबोळी तेल मारल्यापासून दोन-तीन आठवडे तर नाहीच, पानं करपतात.

हे आधी सांगायला हवं होतं: डिंक साल खाणाऱ्या अळीमुळेही येतो. डिंकाजवळ भुसा, जाळी किंवा भोक दिसलं तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. हातमोजे घाला, उरलेली पेस्ट गटारात ओतू नका. साल पूर्ण वेढ्याने कुजली असेल तर झाड वाचत नाही, ते काढा आणि तिथे पुन्हा लिंबू लावू नका. पार तरीही फोडा, आंब्याभोवतीचाही.